खेळ सुरू का होत नाही? पीसी-गेमिंगमधील बिघाडदुरुस्तीचा इतिहास

पीसीवरचा खेळ सुरू होताना पडद्याआड बरीच कामे एकामागून एक पार पडतात. प्रोग्राम स्मृतीत उतरतो, चित्र आणि आवाजाच्या यंत्रणांशी त्याची जोडणी होते, लागणाऱ्या फाइली जागेवर आहेत का ते तपासले जाते, खेळ विकत घेतल्याची खातरजमा होते आणि मगच पहिले दृश्य समोर येते. यातली एक पायरी जरी निसटली तरी खेळ उघडत नाही. अलीकडे ही बहुतेक कामे एका मध्यस्थ प्रोग्रामकडे सोपवलेली असतात. त्याला गेमिंग क्लायंट किंवा लाँचर म्हणतात. स्टीम, एपिक गेम्स लाँचर, बॅटल.नेट आणि युबिसॉफ्ट कनेक्ट ही त्याची परिचित उदाहरणे. क्लायंटच उघडला नाही तर त्याच्यामार्फत घेतलेले सगळे खेळ एकदमच बंद पडतात.

पीसी बाजारात आल्याला चार दशके उलटून गेली. या काळात खेळ न उघडण्याचे कारण खेळणाऱ्यापासून सतत दूर सरकत गेले. आधी ते टेबलावरच्या यंत्रात होते, मग ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, मग खेळाच्या सीडीत आणि अखेरीस कंपनीच्या सर्व्हरवर. त्याबरोबर दुरुस्तीची रीतही पालटली. पूर्वी यंत्र समजून घेऊन इलाज करावा लागे. आता बहुतेक इलाज साठवलेले पुसून पुन्हा उतरवून घेण्याचे असतात, आणि काही वेळा तर वाट पाहण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.

फ्लॉपीवरून थेट खेळात

आयबीएमने पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता आणि सर्वांत स्वस्त नमुन्यात स्मृती होती फक्त १६ किलोबाइट. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अनेक खेळांना ऑपरेटिंग सिस्टिम लागतच नसे. खेळाची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून यंत्र चालू केले की ते थेट खेळातच उघडे. सबलॉजिक कंपनीच्या ब्रूस आर्टविक यांनी लिहिलेला आणि मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये विकायला काढलेला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा याच जातीचा.

मध्ये कोणी नसल्यामुळे असा खेळ यंत्राच्या भागांना स्वतः हात घालत असे. चित्र उमटवणारा भाग, कळफलक, फ्लॉपीचा नियंत्रक हे सगळे आयबीएमच्या यंत्रात जसे होते तसेच आहेत, असे तो धरून चाले. आयबीएमच्या पीसीची नक्कल करणारी यंत्रे पुढे आली, तेव्हा याच गुणामुळे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ त्यांची परीक्षा घ्यायला वापरला जाऊ लागला. तो आणि लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम असे दोन्ही नीट चालले, तर ते यंत्र आयबीएमशी पुरते सुसंगत मानले जाई. खेळ उघडला नाही, तर दोष यंत्राकडे जाई.

वेगाचीही अडचण होती. अनेक खेळ आपली गती प्रोसेसरच्या गतीवरूनच ठरवत. अधिक वेगवान यंत्रे आल्यावर हे खेळ खेळता येणार नाहीत इतके भरभर पळू लागले. त्यावर उपाय म्हणून कित्येक संगणकांच्या पेटीवर ‘टर्बो’ असे बटण असे. नाव टर्बो असले तरी जुन्या खेळांसाठी त्याचा खरा उपयोग यंत्राची गती कमी करण्याकडे होई. हाच प्रश्न १९९०च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या रूपात परत आला. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्राम सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग मोजत. साधारण २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या प्रोसेसरांवर त्या मोजणीचे उत्तर ठरलेल्या जागेत मावेनासे झाले. मग ‘रनटाइम एरर २००’ एवढाच संदेश येई आणि प्रोग्राम पहिल्याच पावलावर थांबे. त्यासाठी यंत्राला मुद्दाम मंद करणारे छोटे प्रोग्राम लिहिले गेले, आणि मूळ फाइलीतली ती मोजणीच दुरुस्त करणारे पॅचही निघाले.

६४० किलोबाइटांची हद्द

८०८८ प्रोसेसरला एकूण १ मेगाबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचता येई. आयबीएमने त्यातले वरचे ३८४ किलोबाइट चित्रस्मृती आणि यंत्राच्या कायम आज्ञावलीसाठी राखून ठेवले. प्रोग्रामांना उरले ६४० किलोबाइट. पुढे प्रोसेसर बदलले आणि संगणकात चार-आठ मेगाबाइट स्मृती आली, तरी डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमखाली ही हद्द कायम राहिली. त्यातच डॉस स्वतः बसे. माउसचा ड्रायव्हर, सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर, डिस्कचा वेग वाढवणारा प्रोग्राम हेही तिथेच जागा घेत. एखाद्या खेळाला ५८० किलोबाइट मोकळे हवे असत आणि यंत्रात असत ५६०. मग यंत्रात एकूण स्मृती कितीही असली, तरी स्मृती अपुरी असल्याचे सांगून खेळ बंद होई.

यावरचा इलाज कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइलींत होता. यंत्र चालू होताना काय काय भरायचे आणि कोणत्या क्रमाने भरायचे, हे त्यांत लिहिलेले असे. जून १९९१ मध्ये आलेल्या डॉस ५ पासून डॉसचा मोठा भाग आणि काही ड्रायव्हर ६४० किलोबाइटांच्या वर हलवता येऊ लागले. त्यासाठी हायमेम.सिस आणि ईएमएम३८६.एक्सई हे प्रोग्राम आधी भरावे लागत. क्वार्टरडेक कंपनीचा क्यूईएमएम हेच काम अधिक कौशल्याने करी. मार्च १९९३ मधल्या डॉस ६ बरोबर मेममेकर आला. ड्रायव्हरांची मांडणी तो आपोआप करून पाही. एकच फाइल वापरून सुरुवातीला निवडीची यादी दाखवण्याची सोयही डॉस ६ ने दिली. त्यामुळे कामासाठी एक मांडणी आणि खेळासाठी दुसरी, असे करता येऊ लागले.

तरीही सर्व खेळांना चालेल अशी एकच मांडणी नव्हती. काही खेळांना ‘एक्सपांडेड’ प्रकारची वाढीव स्मृती लागे, काहींना ‘एक्स्टेंडेड’ प्रकारची. ओरिजिन सिस्टिम्सचा १९९२ सालचा ‘अल्टिमा ७’ स्वतःची स्मृतिव्यवस्था बरोबर घेऊन आला होता. ईएमएम३८६ भरलेले असले की तो चालायलाच तयार नसे. म्हणून खेळापुरती वेगळी फ्लॉपी बनवण्याची रीत रुळली. तिच्यावर डॉसच्या अत्यावश्यक फाइली आणि त्या खेळाला हव्या असलेल्याच ओळी ठेवायच्या, यंत्र तिच्यावरून चालू करायचे आणि मग खेळ उघडायचा. सिएरा आणि ओरिजिन यांच्यासारख्या कंपन्या अशी फ्लॉपी कशी करायची हे पुस्तिकेत समजावून सांगत. काही खेळांचे सेटअप प्रोग्राम ती स्वतःच करून देत.

ही हद्द ओलांडली ती डॉस एक्स्टेंडरांनी. रॅशनल सिस्टिम्सचा डॉस/४जीडब्ल्यू हा वॅटकॉमच्या सी कंपायलरबरोबर मिळे. तो खेळाला ३२ बिट पद्धतीने सगळी स्मृती वापरू देई. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ त्याच्यावरच चाले. किमान ४ मेगाबाइट स्मृती असली म्हणजे पुरे. ६४० किलोबाइटांतला एकेक किलोबाइट वाचवण्याची गरज ‘डूम’ला उरली नाही.

आवाजाचे कार्ड आणि तीन आकडे

मूळ पीसीला आवाज म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची टिकटिक होती. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब आणि १९८९ मध्ये क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर ही कार्डे आली, आणि त्यांच्याबरोबर खेळ अडण्याचे नवे कारणही आले. कार्डाशी बोलायचे तर त्याचा पोर्टचा पत्ता, इंटरप्ट रेषेचा क्रमांक आणि डीएमए मार्गाचा क्रमांक असे तीन आकडे खेळाला ठाऊक असावे लागत. कार्डावरच्या छोट्या जंपरांनी हे आकडे ठरत. दोन उपकरणे एकाच इंटरप्ट रेषेवर आली की संगणक हँग होऊ शके. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरला कारखान्यातून ७ ही रेषा दिलेली असे, आणि नेमकी तीच प्रिंटरच्या पोर्टसाठीही ठरलेली होती. पुढच्या कार्डांवर ती बदलून ५ झाली.

खेळ आवाज शोधताना अडला आहे की चित्र शोधताना, हे ओळखण्याची सोपी युक्ती होती: सेटअपमध्ये आवाज पूर्ण बंद करून खेळ चालवून पाहायचा. तसा चालला तर दोष आकड्यांत आहे हे पक्के होई. एक भाग काढून पाहायचा, फरक पडतो का बघायचे आणि मग पुढचा भाग काढायचा, ही पद्धत त्या काळी हाडात भिनली. क्लायंटची दुरुस्तीही आज मुळात याच तत्त्वावर चालते.

विंडोज आणि डायरेक्टएक्स

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळ लिहिणाऱ्यांचा विंडोजवर विश्वास नव्हता. यंत्राच्या भागांना थेट हात घालू न देणारी व्यवस्था त्यांना संथ वाटे. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये विनजी नावाचा उपाय काढला. त्याच वर्षीच्या नाताळात डिस्नीचा ‘द लायन किंग’ हा विनजीवर चालणारा खेळ घराघरांत गेला, आणि कॉम्पॅकच्या नव्या प्रेसारिओ संगणकांवर तो उघडताच यंत्रे कोलमडू लागली. त्या संगणकांतले चित्राचे ड्रायव्हर विनजीबरोबर तपासलेले नव्हते. सणाच्या दिवशी भेट मिळालेला खेळ चालत नाही, अशा तक्रारींचा पाऊस मदतकेंद्रांवर पडला.

हा धडा घेऊन मायक्रोसॉफ्टमधील अ‍ॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आयझलर आणि एरिक एंगस्ट्रॉम यांनी खेळांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले आणि पुढच्याच महिन्यात डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती निघाली. त्यामुळे आवाजाचे आकडे आणि स्मृतीची जुळवाजुळव ही कामे खेळणाऱ्याच्या हातून सुटली. कार्ड बनवणाऱ्याने ड्रायव्हर लिहायचा, खेळाने डायरेक्टएक्सशी बोलायचे आणि मधले विंडोजने पाहायचे, अशी वाटणी झाली.

मात्र आता या तिन्हींच्या आवृत्त्या जुळाव्या लागत. खेळाला हवी असलेली डायरेक्टएक्सची आवृत्ती नसली की अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेश येई. डायरेक्टएक्स ९ च्या काळात डी३डीएक्स९ या नावापुढे वेगवेगळे आकडे असलेल्या अनेक फाइली निघाल्या, आणि प्रत्येक खेळ त्यांतली नेमकी एक मागे. काही जण ती हरवलेली फाइल कुठून तरी आणून फोल्डरात टाकत. त्यातून व्हायरस येण्याचा धोका असे आणि चुकीची आवृत्ती येण्याचाही. खरा उपाय मायक्रोसॉफ्टचा अधिकृत संच पुन्हा बसवण्याचा होता. व्हिज्युअल सी++ च्या संचांचीही तीच कथा आहे. आजही कित्येक खेळ आणि क्लायंट त्यांच्या अभावी उघडत नाहीत.

चित्रकार्डांच्या जगातही असेच झाले. ३डीएफएक्सच्या १९९६ मधल्या व्हूडू कार्डासाठी ग्लाइड नावाची खास भाषा होती. काही खेळ फक्त तिच्यावरच चालत. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे ठरवले आणि ग्लाइडला वाली उरला नाही. तेव्हापासून ग्लाइडच्या आज्ञा डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएलमध्ये रूपांतरित करणारे दुभाषी प्रोग्राम त्या खेळांना जिवंत ठेवत आहेत.

ऑक्टोबर २००१ मधल्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकांतून खरा डॉस काढून टाकला आणि जुन्या प्रोग्रामांसाठी ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिला. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाने प्रोग्राम फाइल्स या फोल्डरात लिहिण्यावर बंधने घातली. आपली नोंद तिथेच ठेवणारे जुने खेळ त्यामुळे अडले, आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा सल्ला प्रत्येक दुरुस्तीची पहिली ओळ बनला. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत. म्हणून खेळ ३२ बिट असूनही केवळ त्याचा इन्स्टॉलर १६ बिट असल्यामुळे तो बसवताच येत नाही, असेही घडू लागले.

सीडीतले कुलूप

सीडीवर खेळ आले तेव्हा नकला रोखण्यासाठी सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स अशी कुलपे आली. मूळ सीडीवर मुद्दाम ठेवलेली खूण नकलेत उतरत नाही, या तत्त्वावर ती चालत. खेळ उघडताना ही खूण तपासली जाई. सीडीला ओरखडा पडला असेल, ड्राइव्ह थोडा वेगळा असेल किंवा संगणकात आभासी सीडी ड्राइव्हचा प्रोग्राम असेल, तर प्रामाणिक गिऱ्हाइकाचाही खेळ उघडत नसे. २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ला सेक्युरॉमबरोबर फक्त तीन संगणकांवर सक्रिय करण्याची मर्यादा होती. त्यावरून गदारोळ झाल्यावर ती पाचावर नेण्यात आली आणि अमेरिकेत त्याबाबत खटलेही दाखल झाले.

सेफडिस्कचा शेवट विशेष बोलका आहे. त्याचे काम एसईसीडीआरव्ही.सिस नावाच्या ड्रायव्हरवर अवलंबून होते आणि हा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात चाले. २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो वगळला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या सुरक्षा अपडेटने विंडोजच्या आधीच्या आवृत्त्यांतही तो बंद केला. सीडी शाबूत, यंत्र शाबूत, आणि तरीही अनेक विकत घेतलेले खेळ एका रात्रीत उघडेनासे झाले. कुलूप राहिले, पण ते उघडणारा कोणी उरला नाही.

स्टीमचा उदय

व्हॉल्व्ह कंपनीने मार्च २००२ मध्ये स्टीम जाहीर केले आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी ते सर्वांसाठी खुले केले. सुरुवातीचा उद्देश दुकान काढण्याचा नव्हता. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळाची नवी आवृत्ती आली की वेगवेगळ्या आवृत्त्यांवरच्या खेळाडूंना काही दिवस एकत्र खेळता येत नसे, ते अपडेट आपोआप व्हावे, हा होता. ३१ जुलै २००४ रोजी आधीची वॉन ही जुळणीव्यवस्था बंद झाली आणि खेळाडूंना स्टीमवर यावेच लागले. १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ आला. दुकानातून सीडी आणली तरी तो स्टीमवर सक्रिय केल्याशिवाय उघडत नसे. पहिल्या दिवशी सर्व्हरांवर इतका ताण आला की सीडी हातात असूनही अनेकांना ताटकळावे लागले.

भारतात ही अट अधिक जाचक होती. घरगुती इंटरनेट तेव्हा बहुधा डायल-अपवर चाले आणि २००४ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेग, अशी व्याख्या होती. त्या वेगाने ४ गिगाबाइटचा खेळ उतरवायला सुमारे ३५ तास लागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले संगणक आणि सायबर कॅफेतले आपसांत जोडलेले पीसी यांवर इंटरनेट न लागणारे खेळ अधिक सोयीचे ठरत. काही बिघडले तर ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणे’ हाच तिथला सर्वमान्य इलाज असे.

२००५ पासून स्टीमवर इतर कंपन्यांचे खेळ विकले जाऊ लागले आणि पुढच्या दशकात पीसीच्या खेळांचा बाजार त्याच्याभोवती फिरू लागला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने २०११ मध्ये ओरिजिन नावाचा क्लायंट काढला. २०२२ मध्ये त्याची जागा ईए अ‍ॅपने घेतली. एपिकचे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडले. एका संगणकावर चार-पाच क्लायंट असणे नेहमीचे झाले. काही खेळ तर स्टीमवर घेतले तरी आधी स्टीम, मग त्या कंपनीचा स्वतःचा क्लायंट आणि मग खेळ, अशा तीन दारांतून उघडू लागले.

क्लायंट उघडत नाही तेव्हा

क्लायंट हा बाहेरून एक प्रोग्राम दिसला तरी तो अनेक भागांचा बनलेला असतो, आणि तो कुठे अडला हे त्या भागांवरून शोधावे लागते.

पहिला भाग अपडेटचा. स्टीम.एक्सई ही छोटी फाइल उघडल्यावर आधी नवी आवृत्ती आहे का ते विचारते, ती उतरवून घेते आणि मगच मुख्य प्रोग्राम सुरू करते. अपडेट सुरू असताना वीज गेली किंवा डिस्क भरली तर अर्धवट फाइली मागे राहतात आणि पुढच्या वेळी क्लायंट तिथेच अडतो. स्टीमच्या पहिल्या दशकात क्लायंटरजिस्ट्री.ब्लॉब नावाची एक फाइल खराब होणे हे न उघडण्याचे सर्वांना ठाऊक असलेले कारण होते. ती काढून टाकली की स्टीम नवी बनवून घेई. तेवढ्याने भागले नाही तर स्टीम.एक्सई, स्टीमअ‍ॅप्स आणि वैयक्तिक नोंदींचा युजरडेटा एवढे ठेवून बाकी सारे पुसायचे, असा सल्ला दिला जाई. स्टीमअ‍ॅप्समध्ये उतरवलेले खेळ असतात. ते राखले की सगळे पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

दुसरा भाग मागे राहिलेल्या प्रक्रियेचा. क्लायंट बंद केल्यासारखा दिसला तरी त्याची प्रक्रिया कधीकधी मागे चालूच राहते. क्लायंट पुन्हा उघडताना त्याला ती आधीची प्रक्रिया सापडते आणि तो शांतपणे माघार घेतो. पडद्यावर काहीच येत नाही, चूकही दाखवली जात नाही. टास्क मॅनेजरमधून जुनी प्रक्रिया संपवली किंवा संगणक पुन्हा चालू केला की काम होते.

तिसरा भाग पडद्यावरच्या रूपाचा. क्लायंटमधले दुकान, मित्रांची यादी, बातम्या ही प्रत्यक्षात वेबपाने असतात. स्टीमने २०१० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररचे इंजिन सोडून वेबकिट घेतले आणि पुढे क्रोमियमवर आधारलेली व्यवस्था स्वीकारली. स्टीमवेबहेल्पर या नावाने ती वेगळी चालते. ती कोलमडली तर क्लायंट चालू असतो, पण खिडकी काळी किंवा कोरी राहते. चित्रकार्डाचा बिघडलेला ड्रायव्हर हे याचे नेहमीचे कारण. ड्रायव्हर नव्याने बसवणे किंवा चित्रकार्डाची मदत न घेता क्लायंट उघडणे हा त्यावरचा उपाय.

चौथा भाग परवानग्यांचा. खेळ बसवताना प्रत्येक वेळी प्रशासकाची परवानगी मागावी लागू नये म्हणून क्लायंट विंडोजमध्ये एक सेवा ठेवतो. ती बंद असेल, अँटीव्हायरसने एखादी फाइल उचलून बाजूला ठेवली असेल किंवा फायरवॉलने वाट अडवली असेल, तर क्लायंट अर्ध्यावर थांबतो. संगणकाचे घड्याळ चुकले असेल तर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रच अवैध ठरते. जुन्या संगणकातल्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि क्लायंट ‘जोडणी होत नाही’ असे सांगतो.

या कारणांमुळे दुरुस्तीचा क्रम ठरून गेला. संगणक पुन्हा चालू करणे, उरलेली प्रक्रिया संपवणे, साठवलेल्या तात्पुरत्या फाइली पुसणे, अँटीव्हायरसला अपवाद सांगणे, ड्रायव्हर नवा करणे आणि शेवटी खेळ राखून क्लायंट पुन्हा बसवणे. सोप्यापासून अवघडाकडे आणि कमी नुकसानीपासून अधिक नुकसानीकडे असा हा क्रम आहे. खेळाच्याच फाइली खराब असतील तर प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी ताडून फक्त बिघडलेला भाग उतरवून घेण्याची सोय बहुतेक क्लायंटमध्ये असते.

पुसण्याच्या या इलाजातला धोका जानेवारी २०१५ मध्ये दिसला. लिनक्सवरच्या स्टीमची सुरुवात करणाऱ्या आज्ञावलीत एक ओळ स्टीमच्या फोल्डरातले सगळे पुसण्यासाठी होती. फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर त्याचा पत्ता सापडला नाही आणि ती जागा रिकामी राहिली. मग आज्ञेचा अर्थ संगणकाच्या मुळापासून सगळे पुसणे असा झाला. एका वापरकर्त्याचा सगळा वैयक्तिक साठा त्यात गेला. व्हॉल्व्हने ती ओळ लगेच दुरुस्त केली.

सर्व्हर नाही म्हणून

ज्या बिघाडांत घरच्या संगणकात दोषच नसतो, त्यांचा काळ २०१० पासून आला. मार्च २०१० मध्ये पीसीवर आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड २’ला एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट लागे. त्याच महिन्यात युबिसॉफ्टच्या सर्व्हरांवर हल्ला झाला आणि विकत घेणाऱ्या अनेकांना तो उघडता येईना. १५ मे २०१२ रोजी ‘डायब्लो ३’ आला, तेव्हा सर्व्हर भरले असल्याचे सांगणारी ‘एरर ३७’ जगभर गाजली. मार्च २०१३ मधल्या ‘सिमसिटी’च्या वेळीही खेळाडू रांगेत अडकले. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय त्यात वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये आली. अशा वेळी फाइली पुसण्याने किंवा ड्रायव्हर बदलण्याने काही साधत नाही. म्हणून अनुभवी दुरुस्ती करणारे आता सर्वांत आधी सर्व्हरची स्थिती पाहतात.

सर्व्हर कायमचे बंद होणे ही त्याची पुढची पायरी. अनेक खेळांची ऑनलाइन जुळणी सांभाळणारी गेमस्पाय सेवा ३१ मे २०१४ रोजी संपली. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि तो एकट्यालाही खेळता येईनासा झाला. त्यातून सुरू झालेल्या मोहिमेने युरोपीय संघात नागरिकांचा अर्ज दाखल केला, त्यावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

जुने विंडोज आणि नवे पहारेकरी

क्लायंटमधल्या क्रोमियमने जुन्या विंडोजला सोडले की क्लायंटलाही त्याला सोडावे लागते. याच कारणाने स्टीमने १ जानेवारी २०१९ पासून एक्सपी आणि व्हिस्टाचा, तर १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार काढला. खेळ स्वतः एक्सपीसाठीच लिहिलेला असला, तरी त्याचे दार उघडणारा क्लायंट एक्सपीवर उघडत नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली.

खेळातली फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रामांनी आणखी एक थर चढवला. जून २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’बरोबरचा व्हॅनगार्ड संगणक चालू होतानाच विंडोजच्या गाभ्यात बसतो. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतात. नसतील तर खेळ उघडत नाही. ऑक्टोबर २०२५ मधल्या ‘बॅटलफील्ड ६’नेही सिक्युअर बूटची अट घातली. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या कायम आज्ञावलीच्या सेटिंगमध्ये, जावे लागते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल तर ती आधी जीपीटीत बदलावी लागते, नाहीतर सेटिंग पालटल्यावर विंडोजच चालू होत नाही. कॉन्फिग.सिसच्या काळातली यंत्राच्या मुळाशी जाण्याची सवय अशा रीतीने पुन्हा उपयोगी पडू लागली.

जुन्या खेळांची उघडी दारे

जुने खेळ आज चालतात ते मुख्यतः अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामांमुळे. २००२ पासून मिळणारा डॉसबॉक्स आत एक संपूर्ण जुना पीसी उभा करतो. त्यात साउंड ब्लास्टर असते, इंटरप्ट रेषा असतात, प्रोसेसरचा वेगही कमी-जास्त करता येतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या दुकानाने आवश्यक तेथे डॉसबॉक्स जोडून जुने खेळ विकायला सुरुवात केली आणि सीडीची कुलपे काढून टाकली. तिथले इन्स्टॉलर क्लायंटशिवायही चालतात. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणला. विंडोजचे खेळ त्यामुळे लिनक्सवर चालू लागले आणि फेब्रुवारी २०२२ मधल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्राचा पाया त्यावरच आहे. काही जुने खेळ आजच्या विंडोजपेक्षा प्रोटॉनवर अधिक सहज उघडतात.

या सगळ्या प्रयत्नांमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. जो दोष खेळणाऱ्याच्या यंत्रात आहे, तो कितीही जुना असला तरी त्यावर उशिरा का होईना इलाज निघतो. ६४० किलोबाइटांची हद्द, साउंड ब्लास्टरचे आकडे, ग्लाइड, १६ बिट इन्स्टॉलर या सगळ्यांवर तो निघाला आहे. दोष कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर दुरुस्तीची वाट तेथेच संपते. तो खेळ पुन्हा उघडायचा असेल, तर कंपनीने तो इंटरनेटशिवाय चालेल असा करून द्यावा लागतो, किंवा कोणाला तरी त्या सर्व्हरचीच नक्कल नव्याने उभारावी लागते.